इंजिनाविना उड्डाण : ग्लायडरची काही गणिते

(विज्ञान मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हे व्याख्यान आता स्मरणिकेच्या पानांवर येत असल्यामुळे ज्यांनी ते ऐकले नाही अशा वाचकांनाही आरंभीच एक विनंती करतो. वाचताना एक पेन्सिल आणि कोऱ्या कागदाचा तुकडा जवळ ठेवा. पुढे पाच-सहा उदाहरणे येतील. ती नुसती वाचून पुढे जाऊ नका, सोडवून पहा. गणित दहावीइतकेच आहे. फार तर एक-दोन ठिकाणी अकरावीचे त्रिकोणमितीचे कोष्टक उघडावे लागेल.

विषय ग्लायडरचा निवडला, त्याला कारण आपला जिल्हाच आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. पुढे अनेक वर्षांनी तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि लहान विमाने आपल्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालू लागली. मुले माना वर करून ती पाहतात. पण पाहणारा मुलगा आणि विमान चालवणारा मुलगा यांच्यामध्ये जे अंतर आहे ते बरेचसे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या तीन-चार प्रकरणांचे आहे. ती प्रकरणे आपली मुले पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. त्यात आवाज नाही, इंधन नाही, पंखा नाही. बले आणि गती यांचा हिशेब येथे जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच कोठे दिसतो.

आपल्या राज्यात ग्लायडर ही अपरिचित वस्तू नाही. पुण्याच्या हडपसर येथे केंद्र शासनाच्या नागरी विमान वाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र १९५० च्या सुमारास उभे राहिले. ‘रोहिणी’ नावाचे दोन आसनी ग्लायडर आपल्याच देशातील अभियंत्यांनी रचले आणि १९६१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. म्हणजे ज्या गणितांविषयी मी बोलणार आहे ती आपल्या माणसांनी आपल्या भूमीवर सोडवलेली आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे वळू.

शांत हवेत, एकाच वेगाने, सरळ रेषेत हळूहळू खाली येणाऱ्या ग्लायडरवर किती बले कार्य करतात? बहुतेक विद्यार्थी चार सांगतात, कारण विमानाच्या आकृतीत चार बाण असतात. पण येथे इंजिन नाही, म्हणून पुढे ढकलणारा बाण नाही. उरली तीन. पहिले वजन, सरळ पृथ्वीकडे. दुसरी उचल, म्हणजे पंखांमुळे मिळणारे बल. ते उड्डाणाच्या मार्गाला काटकोनात असते. तिसरी हवेची ओढ, मार्गाच्या उलट दिशेला. वेग बदलत नाही, दिशा बदलत नाही, म्हणून न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार या तिघांची बेरीज शून्य झाली पाहिजे.

येथेच दोन गैरसमज आड येतात. पहिला असा की, ग्लायडर हवेत राहते म्हणजे उचल वजनापेक्षा जास्त असणार. दुसरा असा की, ते पुढे जाते म्हणजे पुढे ढकलणारे काहीतरी बल असलेच पाहिजे. दोन्ही समजुती आपण आकड्यांनी तपासू.

उदाहरण पहिले. ग्लायडर व वैमानिक मिळून वस्तुमान ४०० किलोग्रॅम. १ मीटर खाली येताना ते २० मीटर पुढे जाते. वेग ताशी ७२ किलोमीटर. उचल, ओढ आणि खाली येण्याचा वेग काढा.

वजन ४०० गुणिले ९.८, म्हणजे ३,९२० न्यूटन. उतरण २० ला १, म्हणजे मार्गाचा क्षितिजाशी कोन सुमारे २.९ अंश. वजनाचे दोन भाग पाडा. मार्गाला काटकोनातला भाग ३,९१५ न्यूटन येतो, तितकीच उचल. मार्गाच्या दिशेतला भाग १९६ न्यूटन येतो, तितकीच ओढ. म्हणजे उचल वजनापेक्षा जास्त तर नाहीच, किंचित कमी आहे. आणि पुढे नेणारे वेगळे बल कोठून आले? कोठूनच नाही. वजनाचाच एक लहान भाग, जवळजवळ विसावा हिस्सा, ते काम करतो. उतारावर सोडलेली सायकल पायडल न मारता जाते, तसेच हे. फरक एवढाच की, सायकलला उतार रस्ता देतो आणि ग्लायडर आपला उतार हवेतच तयार करते.

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. त्याचा विसावा भाग १ मीटर. तेव्हा ग्लायडर दर सेकंदाला १ मीटर उंची गमावते. उंची गमावणे म्हणजे ऊर्जा खर्च करणे. ३,९२० न्यूटन गुणिले १ मीटर, म्हणजे सेकंदाला ३,९२० ज्यूल, सुमारे सव्वापाच अश्वशक्ती. ग्लायडरची टाकी म्हणजे त्याची उंची. १,००० मीटर उंची शिल्लक असेल तर १,००० सेकंद, म्हणजे पावणेसतरा मिनिटांच्या आत-बाहेर इतका वेळ हाती आहे आणि तेवढ्यात २० किलोमीटर अंतर कापता येते. बिरसीवर १,००० मीटर उंचीवर असलेल्या ग्लायडरला शांत हवेत गोंदिया शहर सहज टप्प्यात आहे.

पण हवा शांत असेलच असे नाही.

उदाहरण दुसरे. त्याच ग्लायडरला समोरून सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा लागला, तर ते किती दूर जाईल?

हवेच्या मानाने वेग २० मीटरच राहील. उंचीही सेकंदाला १ मीटरच कमी होईल. म्हणजे वेळ तोच, १,००० सेकंद. जमिनीच्या मानाने मात्र वेग १५ मीटर झाला. अंतर १५ किलोमीटर. तोच वारा पाठीमागून आला तर २५ किलोमीटर. या उदाहरणात विद्यार्थी चुकतात ते गणितात नव्हे. ‘वेग कोणाच्या मानाने?’ हा प्रश्न ते विचारत नाहीत. वैनगंगेत प्रवाहाविरुद्ध डोंगा वल्हवणाऱ्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही, वर्गात मात्र तो नव्याने शिकवावा लागतो.

उदाहरण तिसरे मला विशेष आवडते. त्याच ग्लायडरमध्ये ८४ किलोग्रॅम पाणी भरले आणि एकूण वस्तुमान ४८४ किलोग्रॅम झाले. आता १,००० मीटरवरून ते जवळ उतरेल की दूर?

वर्गात हा प्रश्न टाकला की जड वस्तू लवकर पडणार, तेव्हा जवळ उतरणार, असेच उत्तर येते. आता नीट पहा. उतरणीचा कोन उचल आणि ओढ यांच्या गुणोत्तरावर ठरतो आणि पंख हवेला त्याच कोनात सामोरा ठेवला तर ते गुणोत्तर बदलत नाही. वजन १.२१ पट झाले, म्हणून उचलही १.२१ पट हवी. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा वेग १.१ पट हवा. म्हणजे २२ मीटर. खाली येण्याचा वेगही १.१ मीटर झाला. वेळ १,००० ऐवजी ९०९ सेकंद. ९०९ गुणिले २२, म्हणजे पुन्हा २० किलोमीटरच. जड ग्लायडर तेवढेच दूर जाते, फक्त लवकर पोचते. म्हणूनच शर्यतीत भाग घेणारे वैमानिक पंखांत मुद्दाम पाणी भरून घेतात आणि उतरण्यापूर्वी ते सोडून देतात.

उदाहरण चौथे दोराचे. ग्लायडर आपण होऊन वर चढत नाही. त्याला विमानाने किंवा जमिनीवरच्या यंत्राने दोराला बांधून ओढावे लागते. समजा एका विमानाने एकामागे एक अशी प्रत्येकी ४०० किलोग्रॅमची दोन ग्लायडरे धावपट्टीवर ओढली. प्रत्येकावरील विरोध २०० न्यूटन, त्वरण १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन्ही दोरांतील ताण काढा.

मागच्या दोराला एकच ग्लायडर ओढायचे आहे. ४०० गुणिले १.५ म्हणजे ६००, त्यात विरोधाचे २०० मिळवा, ८०० न्यूटन. पुढच्या दोराला दोन्ही ओढायची आहेत. १,२०० अधिक ४००, म्हणजे १,६०० न्यूटन. ज्याने गोंदिया जंक्शनवर मालगाडी सुटताना पाहिली आहे त्याला हे पटायला वेळ लागू नये. सर्वांत जास्त ताण इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या जोडणीवर आणि सर्वांत कमी शेवटच्या डब्याच्या जोडणीवर असतो. आता प्रश्न असा उलटा करा. पुढचा दोर १,५०० न्यूटनला तुटतो, तर त्वरण किती ठेवावे? १,५०० वजा ४००, भागिले ८००, म्हणजे १.३७५ पेक्षा कमी. पहिला प्रश्न परीक्षेचा आहे. दुसरा ओढणाऱ्या वैमानिकाचा आहे, आणि त्याला तो उड्डाणापूर्वी सुटावा लागतो.

आता इंजिन नसताना तासन् तास हवेत राहण्याचे रहस्य. ते आपल्या डोक्यावर घार रोज उलगडून दाखवते. पवित्र कुरआनात सूरह मुल्कमध्ये पंख पसरून व मिटून उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहण्याकडे लक्ष वेधले आहे. आपण मात्र घारीकडे पाहतो ते अंगणातली कोंबडीची पिल्ले झाकण्यापुरते. उन्हाळ्यात दुपारी डांबरी सडक, धान वाळवण्याचे पक्के आवार आणि नांगरलेली कोरडी जमीन लवकर तापते. तलावाचे पाणी त्या मानाने थंड राहते. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर चढते. घार त्या स्तंभात वर्तुळे घेत राहते, पंख न हलवता.

उदाहरण पाचवे. हवा सेकंदाला ३ मीटर वेगाने वर चढते आहे. आपले ग्लायडर ३० अंश कलून, २० मीटर वेगाने वर्तुळ घेते आहे. वळणात त्याची हवेच्या मानाने घसरण वाढून १.२ मीटर झाली आहे. ९०० मीटर उंची मिळवायला किती वेळ आणि किती फेऱ्या लागतील?

हवा ३ ने वर, ग्लायडर हवेत १.२ ने खाली, निव्वळ १.८ ने वर. ९०० भागिले १.८, म्हणजे ५०० सेकंद. वर्तुळाची त्रिज्या वेगाचा वर्ग भागिले ९.८ गुणिले ३० अंशाची स्पर्शज्या, म्हणजे सुमारे ७१ मीटर. एका फेरीला २२ सेकंद. म्हणून साधारण बावीस-तेवीस फेऱ्या. वळणात उचल वजनापेक्षा जास्त लागते, येथे सुमारे १.१५ पट. ६० किलोच्या वैमानिकाला आपण ६९ किलोचे झालो असे वाटते. लक्षात घ्या, ग्लायडर एक क्षणही ‘वर उडत’ नाही. ते सारखे खालीच येत असते, फक्त ज्या हवेत ते खाली येते ती हवा त्याहून वेगाने वर जात असते.

आता थोडा इतिहास, कारण आपल्या व्यासपीठांवर तो फार सांगितला जातो आणि बहुधा अर्धाच सांगितला जातो.

नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तबा, म्हणजे कॉर्दोबा, येथे अब्बास इब्न फिरनास नावाचा विद्वान होऊन गेला. त्याचे निधन ८८७ मध्ये झाले. अंगाला पिसे व पंख लावून त्याने उंचावरून उडी घेतली आणि बरेच अंतर तरंगत गेला, असे सतराव्या शतकातील इतिहासकार अल्-मक्करी याने नोंदवले आहे. चंद्रावरील एका विवराला त्याचे नाव आहे. येथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि टाळ्या घेतो. पण अल्-मक्करीच्या नोंदीतला मोलाचा भाग त्याच्या पुढे आहे. उतरताना इब्न फिरनासच्या पाठीला जबर इजा झाली, आणि तिचे कारणही तेथेच दिले आहे. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. त्याने शेपूट लावले नव्हते.

हे शेपूट काय करते? उदाहरण सहावे. पंखाची उचल गुरुत्वमध्याच्या १० सेंटिमीटर मागे कार्य करते आहे. शेपूट गुरुत्वमध्यापासून ४ मीटर मागे आहे. ग्लायडरचे नाक खाली झुकू नये म्हणून शेपटीवर किती बल हवे?

हा तराजूचा हिशेब आहे. सुमारे ३,९२० न्यूटन गुणिले ०.१ मीटर, म्हणजे ३९२. त्याला ४ ने भागा. ९८ न्यूटन, खालच्या दिशेने. एवढ्या मोठ्या ग्लायडरचे नाक सांभाळायला दहा किलोच्या धान्याच्या पिशवीएवढे वजन पुरते, कारण भुजा लांब आहे. उतरताना वैमानिक याच शेपटीने नाक हळूहळू वर उचलतो, वेग कमी करतो आणि जमिनीला अलगद स्पर्श करतो. शेपूट नसेल तर वेग आटोक्यात येत नाही आणि पाठ मोडते.

जर्मनीच्या ऑटो लिलिएनथालने १८९१ पासून स्वतः तयार केलेल्या ग्लायडरांतून अनेक उड्डाणे केली आणि नोंदी ठेवल्या. शरीराचा भार इकडे-तिकडे झुकवून तो तोल सांभाळीत असे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या नोंदी राइट बंधूंनी अभ्यासल्या, १९०१ मध्ये वायुबोगदा बांधून आकडे पुन्हा तपासले, १९०२ चे ग्लायडर सुधारले आणि १९०३ मध्ये त्याच्या आधारे इंजिन असलेले विमान बांधले. पडलेल्या माणसाने का पडलो हे लिहून ठेवले आणि पुढच्याने ते वाचले, म्हणून विमान झाले. इब्न फिरनासच्या वाट्याला असा वाचणारा पुढचा माणूस लगेच आला नाही. आपल्याला त्याचे वारस म्हणवून घ्यायचे असेल तर त्याच्या पंखांपेक्षा त्याच्या न लावलेल्या शेपटाचा अभ्यास आपण केला पाहिजे. अभिमानाने पंख फुटत नाहीत, हिशेबाने फुटतात.

शेवटचे उदाहरण खरे घडलेले आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचे नवे बोइंग ७६७ विमान ६९ जणांना घेऊन एडमंटनकडे निघाले होते. इंधनाचे मापक बिघडलेले असल्यामुळे टाकीतील इंधन काठीने मोजले गेले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी सुमारे ०.८ ने गुणायचे. पण हिशेबात १.७७ हा आकडा वापरला गेला, आणि तो होता लिटरचे पौंड करण्याचा. तुम्हीच करून पहा. चुकीच्या आकड्याने टाकीत १३,६०० किलोग्रॅम आहेत असे दिसते आणि आणखी ४,९०० लिटर पुरेल असे वाटते. खऱ्या आकड्याने टाकीत फक्त ६,१०० किलोग्रॅम होते आणि सुमारे २०,००० लिटर आणखी हवे होते. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडाले आणि वाटेतच दोन्ही इंजिने बंद पडली. एवढे मोठे विमान एका क्षणात ग्लायडर झाले.

सुदैवाने कॅप्टन रॉबर्ट पियर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी पाहिले की, १० सागरी मैल जाताना विमान ५,००० फूट खाली आले आहे. एक सागरी मैल म्हणजे सुमारे ६,०७६ फूट. भागाकार करा, उतरण १२ ला १ येते. म्हणजे आपल्या पहिल्या उदाहरणातले गणित, फक्त येथे चुकायला परवानगी नव्हती. विनिपेगपर्यंत उंची पुरणार नाही हे त्यावरून कळले आणि विमान गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीकडे वळवले गेले. तेथे उंची उलट जास्त झाली, तेव्हा विमान तिरके सरकवून हवेची ओढ वाढवली आणि उंची कमी केली. सर्व ६९ जण वाचले. एकाच दिवशी एका गुणाकाराने त्यांना संकटात घातले आणि एका भागाकाराने त्यातून बाहेर काढले.

मित्रांनो, उत्तरपत्रिकेत एकक लिहिले नाही म्हणून अर्धा गुण गेला की आपली मुले शिक्षकांवर रुसतात. पालकही ‘आकडा तर बरोबर आहे’ असे म्हणतात. त्यांना ही हकीकत जरूर सांगा.

आता संस्थेसमोर आणि पालकांसमोर एकच विचार ठेवतो. दहावीनंतर विज्ञान सोडणारी आपली कितीतरी मुले-मुली ‘हे आपले काम नाही’ असे समजून सोडतात. कोणाला उर्दू माध्यमातून आल्यामुळे इंग्रजीची भीती, कोणाला शिकवणीच्या शुल्काची, आणि मुलींच्या बाबतीत घरच्यांची. पण उर्दूच्या पुस्तकात ‘कुव्वत’ लिहिले, मराठीत ‘बल’ लिहिले आणि इंग्रजीत ‘फोर्स’ लिहिले, तरी कागदावर काढायचा बाण एकच असतो. त्याची लांबी आणि दिशा तीच असते. तो बाण समजलेली मुलगी कोणत्याही भाषेत पेपर लिहू शकते.

याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जाड कागदाचे ग्लायडर करा. पहिल्या मजल्याच्या सज्जावरून, जोर न लावता, अलगद सोडा. सज्जाची उंची दोरीने मोजा, ग्लायडर पडले तेथपर्यंतचे अंतर मोजा आणि भागाकार करा. दहा वेळा करून सरासरी घ्या. नाकाला एक टाचणी लावा आणि पुन्हा दहा वेळा करा. मग टाचणी शेपटाकडे लावा आणि काय होते ते पहा. आकडे वहीत लिहा, बिघडलेले प्रयोगही लिहा. वर्गातल्या सर्व मुलींना हे करू द्या, नुसते पाहू देऊ नका. आठवड्याला एक तास यासाठी राखून ठेवावा, अशी माझी संस्थेला नम्र सूचना आहे.

वाचकहो, आपल्या कागदावरची उत्तरे आता माझ्या उत्तरांशी ताडून पहा. एखादे जुळत नसेल तर आधी एकके तपासा, मग बाणांच्या दिशा. तरीही जुळले नाही तर वर्गातल्या शिक्षकांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.